जिगसॉ पझलचा नाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलावर अर्धवट लागलेलं पझल दिसलं की घरी आलेला माणूस दोन मिनिटं नुसता बघतो, मग न विचारता एक तुकडा उचलतो आणि मग त्याचे प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न ऐकतोय, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही ठिकाणी माझी मतं जरा हट्टी आहेत, ती चालवून घ्या.

हा लहान मुलांचा खेळ ना? मोठ्यांनी कशाला लावायचा?

सुरुवात मुलांपासूनच झाली, हे खरं. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने छापील नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापला. एकेक देश जागेवर ठेवत मुलांनी भूगोल शिकावा, हा हेतू. म्हणजे फ्रान्सचा तुकडा खरोखरच फ्रान्सच्या आकाराचा.

पुढे मोठ्यांनी हे खेळणं मुलांच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतलं. १९०८-०९ च्या सुमारास अमेरिकेत मोठ्या माणसांमध्ये लाकडी पझलची अशी लाट आली की पार्कर ब्रदर्स या कंपनीने १९०९ मध्ये बाकीचे खेळ बाजूला सारून कारखाना पझलच्याच कामाला लावला. त्या काळातली बरीच पझलं आजच्यासारखी एकमेकांत अडकत नसत आणि खोक्यावर चित्रही नसायचं. कुणाला जोरात शिंक आली की संध्याकाळभराची मेहनत विस्कटायची. नंतर १९३२-३३ मध्ये, महामंदीच्या ऐन भरात, पुठ्ठ्याची स्वस्त पझलं आली. दर आठवड्याला नवं पझल २५ सेंटना पेपरच्या स्टॉलवर मिळायचं. हाताला काम नाही आणि बाहेरची करमणूक परवडत नाही, अशा घरांमध्ये ती गेली. ती सगळी मोठी माणसंच होती.

'जिगसॉ' हे नाव कुठून आलं?

करवतीवरून. पण आज पुठ्ठ्याच्या पझलला करवत लागत नाही. वाकवलेल्या पोलादी पात्यांचा एक साचा असतो. चित्र चिकटवलेला पुठ्ठा त्याखाली ठेवून यंत्राने दाबला की तुकडे पडतात. हा साचा बनवणं खर्चिक असतं, म्हणून एकच साचा अनेक चित्रांना वापरला जातो. एकाच कंपनीची दोन पझलं तुमच्याकडे असतील, तर कधीकधी घोड्याच्या तोंडाच्या जागी रेल्वेचं इंजिन नेमकं बसतं. काही कलाकार मुद्दाम अशी दोन पझलं एकत्र करून चित्रं बनवतात.

पहिलं पझल किती तुकड्यांचं घ्यावं?

५०० चं घ्या. मुलं सोबत बसणार असतील तर ३००. भेट म्हणून बहुतेक वेळा १००० चंच येतं, आणि बऱ्याच जणांचा छंद तिथेच संपतो.

१००० चं पझल ५०० च्या दुप्पट अवघड असेल असं वाटतं, पण ते त्याहून जास्त असतं. तुकडे दुप्पट होतात, आणि शिवाय प्रत्येक तुकडा दुप्पट मोठ्या ढिगातून शोधावा लागतो. मला ५०० ला चार-पाच तास लागतात आणि १००० ला बारा ते पंधरा, तेही चित्र साधं असलं तर. २००० च्या पुढे प्रश्न डोक्याचा कमी आणि जमिनीचा जास्त होतो. २०१६ मध्ये रावेन्सबुर्गर या जर्मन कंपनीने ४०,३२० तुकड्यांचं पझल काढलं, त्याची लांबी ६.८ मीटर आहे. ते ठेवायचं कुठे, हे ज्याचं त्याने बघावं.

खोक्यावर १००० लिहिलंय. आत खरंच १००० असतात का?

बऱ्याचदा नाही, आणि त्यामागे गंमत आहे. १००० चं पझल साधारण ७० बाय ५० सेंटिमीटरचं असतं. ४० गुणिले २५ केलं तर बरोबर १००० होतात, पण मग प्रत्येक तुकडा पावणेदोन सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर उंच पडतो. ३८ गुणिले २७ केलं तर तो जवळजवळ चौरस येतो आणि तुकडे होतात १०२६. त्यामुळे अनेक '१०००' ची पझलं प्रत्यक्षात १०२६ ची असतात. तसंच ५०० मध्ये २७ गुणिले १९, म्हणजे ५१३ सापडतात. मजा म्हणजे ४० बाय २५ असो की ३८ बाय २७, कडेचे तुकडे दोन्हीत १२६ च भरतात. मी कडा लावण्याआधी ते मोजून घेतो. १२४ भरले, तर दोन अजून ढिगात लपलेत हे आधीच कळतं आणि पुढची चिडचिड वाचते.

चित्र कसं निवडायचं?

भिंतीवर छान दिसेल ते चित्र टेबलावर छान असेलच असं नाही. सूर्यास्ताचा फोटो बघायला सुंदर असतो, पण लावायला बसलात की नारिंगीतून जांभळ्यात जाणारे तीनशे तुकडे समोर येतात आणि त्यातला कुठलाच धड नारिंगी नसतो.

दुकानात मी एकच गोष्ट करतो. खोकं हातात धरून अंगठ्याच्या नखाएवढा भाग नजरेने निवडतो आणि स्वतःला विचारतो, एवढाच तुकडा दिला तर तो कुठला आहे हे सांगता येईल का? असे पाच-सहा ठिकाणी बघतो. चार ठिकाणी 'हो' आलं तर घ्यायचं. पुस्तकांची कपाटं, बाजारपेठा, खिडक्या, पाट्या आणि माणसांनी भरलेल्या गल्ल्या, जुने नकाशे, टपाल तिकिटांचे कोलाज, ही सगळी या परीक्षेत पास होतात. अक्षरं असलेलं चित्र नवशिक्याला फार सोपं जातं, कारण अक्षर उलटं की सुलटं हे लगेच कळतं. रंगवलेलं चित्र बहुधा फोटोपेक्षा बरं, कारण चित्रकाराने आकाशातही कुंचल्याचे फटकारे सोडलेले असतात आणि तेवढ्या खुणेवर काम भागतं.

जंगलाचे, बर्फाचे आणि धबधब्याचे फोटो वर्षभराने घ्या. आणि तो एकाच रंगाचा, चित्रच नसलेला प्रकार असतो, तो ज्यांना स्वतःचा छळ करून घ्यायचाय त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात कुठून करायची? कडेपासूनच का?

बहुतेक जण कडेपासून करतात, कारण सरळ बाजू ओळखायला डोकं लागत नाही. चांगलीच पद्धत आहे. फक्त काळ्या किंवा पांढऱ्या किनारीच्या चित्रात कडेच्या मागे लागू नका, तिथे कडाच सगळ्यात अवघड असते.

खरी सुरुवात मात्र त्याच्या आधी, तुकडे उलथण्यापासून होते. सगळे तुकडे चित्राची बाजू वर करून मांडायचे. कंटाळवाणं काम वाटतं, आणि पहिल्या-दुसऱ्या वेळी वाटणारच. पण प्रत्येक तुकडा तुमच्या नजरेखालून एकदा जातो तो याच वेळी. तासाभराने 'पिवळ्या छत्रीचं टोक कुठेतरी पाहिलं होतं' असं आठवतं ते यामुळेच. उलथता उलथता उथळ ताटल्यांत किंवा खोक्यांच्या झाकणांत रंगांप्रमाणे वेगळे करत जायचं. वर्गवारी फार बारीक नको. सहा-सात गट पुरे, 'हिरवट' आणि 'हिरवट-राखाडी' असे दोन गट केलेत की कुठला तुकडा कुठे टाकला हे तुम्हालाच कळेनासं होतं.

पुढे कडेला चिकटूनच आत जायचं असं काही नाही. जिथे रंग किंवा रेषा ठळक आहेत तिथे बेटं तयार करा. लाल दरवाजा एका जागी, घड्याळाचा मनोरा दुसरीकडे. बेटं जुळतात तो क्षण माझ्या मते शेवटच्या तुकड्यापेक्षा मोठा असतो.

आकाश किंवा पाणी लावताना वेड लागायची पाळी येते. काय करू?

रंग सोडा, आकाराकडे वळा. नेहमीच्या तुकड्याला चार बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला एकतर बाहेर आलेलं गोल डोकं असतं किंवा आत गेलेली खाच. तेव्हा प्रकार सहाच होतात: चारही डोकी, तीन डोकी, समोरासमोर दोन, शेजारी-शेजारी दोन, एकच डोकं, आणि चारही खाचा. उरलेलं आकाश या सहा ओळींत मांडा, अगदी रांगेत, सगळे एकाच दिशेने.

याने किती फरक पडतो ते बघा. आकाशाचे शंभर तुकडे आहेत आणि तुम्ही प्रत्येक रिकाम्या जागी एकेक लावून बघताय. नशीब अगदीच फुटकं असेल तर पहिल्या जागेला शंभर प्रयत्न, दुसऱ्या जागेला नव्याण्णव, असं करत एकूण ५०५० होतात. जागेला कुठला प्रकार हवा हे आधी बघितलंत की यातले बहुतेक प्रयत्न करावेच लागत नाहीत. त्यातही डोकं जाड आहे की निमुळतं, मधोमध आहे की एका बाजूला सरकलेलं, हे नजरेला हळूहळू दिसायला लागतं.

एक खबरदारी घ्या. 'हा आकाशातलाच' असं फार लवकर ठरवू नका. मागच्या एका बंदराच्या चित्रात माझ्याकडे एक राखाडी तुकडा होता. दोन दिवस मी तो ढगांमध्ये फिरवला. तिसऱ्या दिवशी दिवा बाजूने लावला, तेव्हा त्याच्या कोपऱ्यात केसाएवढी तांबूस रेघ दिसली. तो होडीच्या दोराजवळचा तुकडा होता, ढगांपासून चांगला दीड वीत खाली.

तुकडा बसला आहे, पण बरोबर बसलाय का हे कसं कळणार?

चांगल्या पझलमध्ये चुकीचा तुकडा सहसा बसत नाही. स्वस्तातल्या पझलमध्ये मात्र बसतो, आणि मग शेवटी तीन जागा आणि न बसणारे तीन तुकडे उरतात. शंका आली की शेजारचे चार-पाच तुकडे मिळून उचला आणि मागून उजेड धरा. सांध्यातून उजेडाची बारीक फट दिसली की चूक तिथेच. दुसरी युक्ती बोटाची: सांध्यावरून हलकेच बोट फिरवा, एक बाजू वर आलेली लागली तर तो तुकडा काढा. जोर लावून बसवलेला तुकडा शंभरातून नव्याण्णव वेळा परका असतो.

खोक्यावरचं चित्र बघणं म्हणजे फसवणूक का?

नाही. बघा. हवं तर भिंग लावून बघा.

घरात टेबल एकच आहे. पझल ठेवू कुठे?

छंद टिकतो की सुटतो हे इथे ठरतं. हौस कमी पडली म्हणून पझल सोडलेली माणसं मी फार पाहिली नाहीत. टेबल रिकामं करावं लागलं म्हणून सोडलेली मात्र खूप पाहिली.

तेव्हा पझल घेण्याआधी फळी घ्या. १००० च्या पझलला साधारण ८० बाय ६० सेंटिमीटरची प्लायची किंवा हलक्या फोमची फळी पुरते, कडेने थोडी मोकळी जागा राहते. वर पातळ फेल्ट चिकटवलं तर तुकडे घसरत नाहीत. काम थांबलं की फळी उचलायची आणि पलंगाखाली किंवा कपाटावर सरकवायची. सुटे तुकडे वेगळ्या ताटल्यांत, त्या एकावर एक रचायच्या. गुंडाळून ठेवायच्या फेल्टच्या चटया मिळतात, त्यांच्याबद्दल माझं मत बरं नाही. उलगडताना सैल बसलेले तुकडे सुटतात आणि अर्धा तास डागडुजीत जातो.

फळीवर एक चादर टाकायला विसरू नका. धुळीपेक्षा मांजराचा धोका मोठा.

रोज वेळ कुठून आणायचा?

तासभर बसायचं ठरवलंत तर बसणार नाही. फळी हाताशी असली की दहा-पंधरा मिनिटं आपोआप निघतात, फोनवर बोलता बोलता किंवा कुणाची वाट बघताना. दहा मिनिटांत तीन तुकडे लागले तरी चालतात. शिवाय उठून गेल्यावर परत आलात की मघाशी दिसत नसलेला तुकडा समोरच पडलेला असतो, हा अनुभव प्रत्येक पझलवाल्याला आहे.

झोपायच्या आधी मात्र सांभाळा. 'एवढा एकच तुकडा' म्हणत मी पहाटेचे दोन वाजवलेले आहेत.

पाठ आणि डोळे दुखतात.

टेबल कंबरेच्या वर असेल तर उभं राहून लावा, थोडा वेळ बसा, परत उभे राहा. जमिनीवर पसरून लावणं दिसायला रम्य, मानेला वाईट. उजेड थेट डोक्यावरून नको, चकचकीत तुकड्यांवर त्याची झळाळी येते. एका बाजूने येणारा पांढरा दिवा घ्या. पिवळ्या दिव्याखाली क्रीम आणि पांढरा एकच दिसतात.

एक तुकडा हरवलाय! कंपनीने कमीच दिला असेल का?

तशी शक्यता फार कमी. कारखान्यात अख्खा पुठ्ठा एकदम कापला जातो, मग तो सुटा करून पिशवीत भरतात. तुकडे हरवतात ते बहुतेक घरातच. शोधण्याचा क्रम असा: खोक्याच्या तळाच्या घड्या, पिशवीचा कोपरा, खुर्चीची फट, टेबलाखालची चटई, आणि सगळ्यात शेवटी व्हॅक्यूम क्लीनर.

माझ्या बाबतीत एक यादीत नसलेली जागा निघाली. जहाजाच्या शिडाच्या मधोमध एक भोक राहिलं होतं. सगळं घर हलवून झालं, व्हॅक्यूमची पिशवी वर्तमानपत्रावर ओतून झाली, आणि मी कंपनीला तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. लिहिताना कोपराखाली काहीतरी टोचलं. स्वेटरची बाही दुमडलेली होती आणि तुकडा त्या घडीत होता. किती दिवस, ते विचारू नका. तेव्हापासून माझा नियम आहे: पझल लावताना बाह्या दुमडायच्या नाहीत. उन्हाळ्यात तुकडे घामाने कोपराला चिकटूनही फिरतात.

खरंच हरवला असेल तर काही कंपन्या बदली तुकडा देतात. नाहीतर घरीच करता येतो: पुठ्ठ्याचा तेवढा आकार कापायचा आणि रंगपेटीने शेजारचे रंग लावायचे. हाताने रंगवलेला तुकडा लक्षात येतो, पण भोकापेक्षा बरा.

दोघांनी मिळून लावता येतं का? आमच्यात भांडणं होतात.

येतं, फक्त विभाग वाटून घ्या. एकाने घरं घ्यावीत, दुसऱ्याने झाडं. समोरच्याच्या विभागातला तुकडा सापडला तर त्याच्या हातात द्यायचा, आपण बसवायचा नाही. एवढ्या एका नियमाने आमच्या घरात शांतता आली. शेवटचा तुकडा बसवायचा मान मिळावा म्हणून एखादा खिशात लपवून ठेवणारं माणूस बहुतेक घरांत असतं. आमच्याकडचं कोण, ते सांगत नाही.

पूर्ण झाल्यावर काय करायचं? चिकटवून फ्रेम करू?

एखादं करा. पझलचा गोंद मिळतो, तो वरून पातळ पसरवायचा. खाली मेणकागद घालायला विसरलात तर चित्र टेबलासकट कायमचं होईल. पण दहा पझलं झाल्यावर भिंत संपते.

मी मोडतो. दोन दिवस तसंच ठेवतो, फोटो काढतो, मग कडेपासून दुमडत मोडतो. झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख आणि 'सगळे आहेत' असं लिहितो. कुणाशी अदलाबदल करायची झाली तर ही नोंद फार उपयोगी पडते. अर्धवट पझल दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यासारखं पाप नाही.

पझलमुळे स्मरणशक्ती वाढते म्हणतात, खरं का?

जाहिरातीत म्हणतात तितकं सरळ नाही. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये पन्नाशीच्या पुढच्या शंभर निरोगी लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना ३० दिवस, रोज निदान तासभर पझल लावायला दिली होती. पझल लावताना बुद्धीच्या अनेक शक्ती एकदम कामाला लागतात आणि वर्षानुवर्षं लावणाऱ्यांच्या त्या शक्ती जास्त असल्याचा संबंध दिसला. पण महिनाभराच्या पझलने मोजण्याजोगा मोठा फायदा झाला नाही. औषध म्हणून लावायला बसू नका.

लाकडी पझल वेगळं असतं का?

हो. तुकडे जाड असतात, बसताना टक् असा आवाज येतो आणि त्यात पक्षी, किल्ली, माणूस अशा आकारांचे तुकडे असतात. महाग असतात. एकदा तरी हाताळून बघा.

मोबाइलवर लावलं तर चालेल?

प्रवासात चालेल. बोटांना मात्र काहीच मिळत नाही.

याच्या स्पर्धा खरंच होतात?

होतात. स्पेनमधल्या वायादोलिद शहरात २०१९ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. एकट्याने लावायच्या फेरीत सगळ्यांना एकच, आधी न पाहिलेलं ५०० तुकड्यांचं चित्र देतात. त्यातले पहिले खेळाडू ते ४० मिनिटांच्या आत संपवतात. त्यांचे व्हिडिओ बघताना लक्ष त्यांच्या नजरेकडे ठेवा. हात उचलण्याआधीच डोळे जागेवर गेलेले असतात.

मध्येच कंटाळा आला तर सोडून दिलं तर चालतं का?

चालतं. जुळलेली बेटं मोडू नका, ती कागदाच्या थरांमध्ये ठेवा, सुटे तुकडे गटागटाने छोट्या पिशव्यांत भरा आणि प्रत्येक पिशवीवर काय आहे ते लिहा. माझ्या कपाटात बर्फाळ डोंगराचं असं एक खोकं आहे. झाकणाच्या आत दोन तारखा आहेत, मध्ये तीन वर्षांचं अंतर, आणि दोन्हींच्या पुढे एकच शेरा: 'कडा झाली.'